पापणीवाली पाल पाळायची कोणी?

२०२५ च्या जून महिन्यात मुंबईच्या विमानतळावर एकापाठोपाठ एक अशा बॅगा पकडल्या गेल्या, की उघडणाऱ्या कस्टमच्या माणसांचीही पाचावर धारण बसली असेल. थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप निघाले आणि सोबत पाच कासवं. काही दिवसांनी दुसऱ्या एकाकडे शंभराच्या आसपास जीव सापडले. त्यात पाली-सरडे होते, शिंजीर पक्षी होते, झाडावर चढणारे पोसमही होते. महिना संपायच्या आत तिसरा आला, त्याच्याकडे सोळा साप. हे शेवटचे साप बिनविषारी किंवा माणसाला फारसा धोका नसलेले, म्हणजे 'पाळायचे' साप होते. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने तेव्हा सांगितलं, की थायलंड-भारत या एकाच हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत सात हजारांहून जास्त जिवंत आणि मेलेले प्राणी पकडले गेले.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं, आपला काय संबंध? आपल्याकडे पाल दिसली की आधी केरसुणी शोधतात! पण मैत्रिणींनो, हा माल कुणाच्या तरी घरी जाण्यासाठीच येत असतो. आणि ते घर आता फक्त मुंबईतल्या टॉवरमध्येच असेल असं नाही. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने आईला मोबाइलवर एका पालीचा व्हिडिओ दाखवला. डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर, केशरी-पिवळा रंग, हातावरून हातावर उड्या मारतेय, जिभेने स्वतःचाच डोळा चाटतेय. 'आई, अशी घ्यायची आहे. काही त्रास नसतो हिचा. सगळ्यात सोपी असते,' असं त्याचं म्हणणं. ताई मला विचारत होत्या, 'हे खरं असतं का हो? आणि तो परीक्षेला बसला की मग हिचं कोण बघणार?'

त्यांचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. पण आधी या पालीची ओळख करून घेऊ, कारण तिची गोष्ट खरंच ऐकण्यासारखी आहे.

हिचं इंग्रजी नाव क्रेस्टेड गेको, म्हणजे तुरेवाली पाल. शास्त्रीय नाव कोरेलोफस सिलिएटस. त्यातल्या 'सिलिएटस'चा अर्थ पापण्यांचे केस असलेली. गंमत अशी, की तिला पापण्याच नाहीत! डोळ्यांवर जी टोकदार झालर दिसते ती कातडीची असते. मिटायला पापणी नसल्यामुळेच ती जिभेने डोळा पुसते. आपल्याला ते गोड वाटतं, तिची ती रोजची साफसफाई असते. पूर्ण वाढलेली पाल शेपटीसकट साधारण वीतभर, वजन चाळीस-पन्नास ग्रॅम.

तिचं माहेर न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात काही बेटं आहेत, आजही फ्रान्सच्या ताब्यात. त्यातल्या मोठ्या बेटाच्या दक्षिण भागात आणि जवळच्या पाइन्स बेटावर, जंगलातल्या झुडपांत ती राहते. १८६६ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तिची नोंद केली. पुढे अनेक दशकं ती कुणाला दिसलीच नाही, नामशेष झाली असंच अभ्यासक समजत होते. मग १९९४ मध्ये पाइन्स बेटावर ती पुन्हा सापडली. त्या काळात काही पाली युरोप-अमेरिकेत नेल्या गेल्या, आणि तिथे त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं असं करत करत आज ती जगातल्या सगळ्यात लोकप्रिय पाळीव पालींपैकी एक झाली आहे. न्यू कॅलेडोनियातून आता तिला बाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाच्या खोलीत जी पाल आहे, तिने आणि तिच्या आई-आजीने ते जंगल कधी पाहिलेलंच नाही.

आणि तिकडे माहेरी काय परिस्थिती आहे? जंगलातल्या तिच्या बहिणी जागतिक यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेल्या आहेत. बाहेरून आणलेले उंदीर आणि मांजरं त्यांना खातात. एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेली हरणं जंगलातली खालची झुडपं संपवतात. आणि एक इवलीशी मुंगी आहे, मूळची अमेरिका खंडातली. ती चावली की शॉक बसल्यासारखं होतं, म्हणून तिथले लोक तिला इलेक्ट्रिक मुंगी म्हणतात. ही मुंगी जिथे पोहोचते तिथे पालींचं काही खरं नसतं. काचेच्या पेट्यांत एवढी पैदास होते, पण त्यातून त्या जंगलात एक पाल वाढत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण 'आम्ही पाळतो म्हणून ही जात वाचली' असं शौकीन लोक सांगतात. अर्धं खरं आहे ते. घरात पैदास होऊ लागल्यामुळे जंगलातून पकडायचं कारण उरलं नाही, हे मान्य. पण जंगल वाचवायचं काम वेगळंच राहिलं.

आता 'सोपी' या शब्दाकडे येऊ.

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. सहा वर्षांपूर्वी तिने मुलाच्या नवव्या वाढदिवसाला हीच पाल घेऊन दिली. दुकानदाराने सांगितलं होतं, भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, खायला पावडर मिळते. कुत्र्याच्या मानाने सगळं खरंच होतं. मी तिला फोनवर विचारलं, तुझा दिवस कसा असतो ते सांग. तिने सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते.

पालीला उभी काचेची पेटी लागते. दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट उंच तरी हवी, कारण ती झाडावर चढणारी आहे. आत फांद्या, लपायला पानं. संध्याकाळी पेटीत फवाऱ्याने पाणी मारायचं, सकाळी हलकंसं परत. रात्री आत पावसाळ्यासारखं दमट हवं, पण दिवसा कोरडंही व्हायला हवं. कायम ओलं राहिलं तर बुरशी येते, कोरडंच राहिलं तर कात नीट निघत नाही. बोटांभोवती कातीचा दोरा अडकून राहिला तर रक्तपुरवठा बंद होतो आणि बोट गळून पडतं. म्हणून कात टाकली की चारही पायांची बोटं तपासायची. खायला तयार पावडर पाण्यात कालवून एका छोट्या वाटीत ठेवायची. दिवस-दीड दिवसात ती आंबते, म्हणून एक दिवसाआड वाटी धुवून नवीन. मधूनमधून जिवंत रातकिडे, तेही कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. हे रातकिडे एका डब्यात पाळायचे, त्यांनाही खायला द्यायचं! 'मावशी, मी शाकाहारी बाई, माझ्या स्टोअररूममध्ये किड्यांचा डबा आहे,' असं म्हणून ती हसत होती.

कॅल्शियमचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते कमी पडलं की पालीला आपल्याकडच्या मुडदुसासारखा आजार होतो. जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, पाठ वाकते. मादी असेल तर आणखी कठीण. ती एका वेळी दोन अंडी घालते, साधारण महिना-दीड महिन्याने परत दोन, असं वर्षातले बरेच महिने चालतं. एकदा नराशी संबंध आला की पुढच्या कित्येक खेपा तेवढ्यावर निभतात. प्रत्येक अंड्याचं कवच तिच्याच अंगातल्या कॅल्शियममधून होतं. तिच्या टाळूपाशी कॅल्शियम साठवायच्या पांढऱ्या पिशव्या असतात. जाणकार माणूस तिचं तोंड उघडून बघतो, पिशव्या रिकाम्या दिसल्या तर तिला नरापासून दूर ठेवतो. लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका मी गावोगावच्या आरोग्य शिबिरांत पाहिल्या आहेत. पालीच्या पैदाशीचं हे वाचताना मला त्याच दिसत होत्या. त्यांच्या टाळूपाशी बघायला मात्र कुणी नसतं.

तर भाचीच्या घरी झालं असं, की मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. शाळा, बँडची प्रॅक्टिस, मित्र. पाल रात्री जागते, तो रात्री अभ्यासाला किंवा फोनला. पहिलं वर्षभर त्याने सगळं केलं, मग 'मॉम, प्लीज' सुरू झालं. एकदा घाईघाईत पकडताना पालीने शेपटी टाकली. आपल्या घरातल्या पालीची शेपटी तुटली तर परत येते. हिची येत नाही! जंगलातल्याही बहुतेक मोठ्या पाली बिनशेपटीच्या आढळतात म्हणे, त्याने तिचं काही बिघडत नाही. पण मुलाचा उरलासुरला रस त्या शेपटीबरोबर गेला. भाची म्हणाली, 'मावशी, कुत्रं निदान दारात येऊन शेपूट हलवतं. हिने ती पण टाकून दिली.'

चांगली काळजी घेतली तर ही पाल पंधरा ते वीस वर्षं जगते. मुलगा तीन वर्षांनी कॉलेजला जाईल. पाल तेव्हा नऊ वर्षांची असेल. हिशेब तुम्हीच करा.

घरात नवीन जीव येतो तेव्हा ठरवतो कोण आणि निस्तरतो कोण, हा प्रश्न पालीपुरता नाहीच. मुलांनी हट्ट करायचा, वडिलांनी हौसेने आणायचं, आणि महिन्याभराने टाकी धुण्यापासून मेलेला मासा उचलून टाकण्यापर्यंत सगळं आईच्या वाट्याला. लव्हबर्डचा पिंजरा, फिशटँक, पिल्लू म्हणून आणलेलं आणि आता अंगावर धावून येणारं कुत्रं... आपल्यापैकी किती जणींना हे घरी आणताना कुणी विचारलं होतं? 'सोपा प्राणी' म्हणजे ज्याने आणला त्याला सोपा. घरातल्या बाईचे रोजचे वीस मिनिटं कुणी त्या हिशेबात धरत नाही. आणि ती वीस मिनिटं वीस वर्षं द्यायची आहेत.

हे झालं अमेरिकेचं, जिथे पावडर दुकानात मिळते आणि पालीची डॉक्टरही मिळते. आपल्याकडे काय होईल?

या पालीला बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअस तापमान मानवतं. अठ्ठावीसच्या पुढे तिला त्रास सुरू होतो, तिशीच्या वर बराच वेळ राहिली तर जिवावर बेतू शकतं. ती बेटं समुद्रातली, वाऱ्याची, जंगल सावलीचं. आणि आमचा खानदेश! मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. घरात कूलर लावून माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतात, त्यात दुपारची लाइट जाते. सासूबाईंच्या खोलीला एसी नाही आणि पालीच्या पेटीला एसी? विदर्भ-मराठवाड्यातही हेच. कोकणातला दमटपणा तिला थोडा बरा वाटेल, पण तिथलाही उन्हाळा तिशीच्या वरच. आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांवर उत्तम उपचार होतात, पण पन्नास ग्रॅमच्या परदेशी पालीचा जबडा मऊ पडला तर डॉक्टरसाहेबांनी काय करावं? पुण्या-मुंबईत असे डॉक्टर आहेत, बाकीच्यांनी बसने पेटी घेऊन जायचं.

आणखी एक गोष्ट आईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. माणसाच्या पोटात गेले की ताप, जुलाब, पोटात कळा. मोठा माणूस बहुधा बरा होतो, लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. २०१५ मध्ये अमेरिकेत हीच तुरेवाली पाल पाळल्यामुळे पसरलेली साल्मोनेलाची साथ तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने शोधून काढली. सतरा राज्यांतले बावीस जण आजारी पडले होते. तिथे सांगतात, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात असे प्राणी नकोतच. हात लावला की साबणाने धुवायचा, आणि पेटी किंवा खायची वाटी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाही. १९७५ पासून तर चार इंचांपेक्षा छोटी कासवं विकायलाच तिथे मनाई आहे, कारण मुलं ती तोंडात घालत आणि आजारी पडत. आपल्याकडे तशीच लाल कानाची छोटी कासवं मत्स्यालयाच्या दुकानात 'शुभ असतं' म्हणून विकली जातात, दिवाणखान्यातल्या काचेच्या भांड्यात ठेवली जातात, आणि मोठी झाली की गावच्या तलावात सोडली जातात. तिथे ती आपल्या देशी कासवांच्या जागा बळकावतात.

जंतूंचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरच्या पालीबद्दलही बोलून घेते. पाल विषारी असते हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की दुधात पाल पडली म्हणून अमुक जणांना विषबाधा, अशा बातम्या दर वर्षी येतात. भारतातली एकही पाल विषारी नाही. अन्नात पडलेली पाल घातक ठरते ती याच जंतूंमुळे. त्यामुळे ते दूध, ती आमटी टाकून द्यायची हे आजीचं म्हणणं बरोबर, कारण तेवढं चुकीचं. पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ याचं कोष्टक असतं. मनात शंका आली तरी आपण म्हणतो पाल चुकचुकली. इतकी ती आपल्या घरात आणि बोलण्यात मुरलेली आहे. ट्यूबलाइटमागे बसून रात्रभर डास-पाखरं खाते, ना वाटी मागते ना कॅल्शियम. मला वाटतं, ज्या मुलाला पालीचं खरंच कुतूहल आहे त्याने एक महिना रात्री नऊ वाजता आपल्याच ओट्यावरच्या पालीचं निरीक्षण वहीत लिहावं. काचेवरून ती घसरत कशी नाही, शेपटी तुटली तर किती दिवसांत येते, दोन पाली एका दिव्यासाठी भांडतात का. आपल्या सह्याद्रीत तर अजूनही नव्या पाली सापडताहेत. २०१८ मध्ये एकाच शोधनिबंधात उत्तरेकडच्या पश्चिम घाटातून बोटाएवढ्या पालींच्या चार नव्या जाती जगापुढे आल्या, त्यातल्या एकीला आंबोलीचं नाव मिळालं. त्या शोधणारे लोक रात्री टॉर्च घेऊन दगडांच्या फटींत डोकावत हिंडतात. त्यांनी त्या घरी पेटीत ठेवल्या नाहीत.

पण बाजाराला निरीक्षणात पैसा नाही. त्याला जीवच हवा. ईशान्य भारतात टोके नावाची मोठी ठिपकेदार पाल आहे. तिच्यापासून एड्सवर, कॅन्सरवर औषध होतं अशी अफवा उठली आणि तिच्यामागे तस्कर लागले. २०११ मध्ये फिलिपाइन्सच्या सरकारला जाहीर सांगावं लागलं, की याला काही आधार नाही, खरे उपचार सोडून या नादी लागू नका. २०१९ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. आपल्याकडे 'हत्था जोडी' म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला, लक्ष्मी यावी म्हणून जे मुळीसारखं काही विकतात, ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं हे किती जणींना माहीत आहे? घोरपड मारून केलेली वस्तू कुंकू लावून पूजेत! कुणी विकायला आलं तर घेऊ नका, आणि शेजारणीलाही सांगा.

मुख्य अडचण अशी, की मोबाइलवरच्या फोटोत सगळे प्राणी सारखेच दिसतात. तुरेवाली पाल पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मलेली असू शकते. तिच्या शेजारच्या फोटोतला प्राणी मात्र इंडोनेशियातल्या जंगलातून पकडून, पिशवीत कोंबून, बँकॉकमार्गे बॅगेतून आलेला असू शकतो. शंभरातले वाटेत किती मेले हे फोटोत दिसत नाही. विक्रेता दोघांबद्दल एकच सांगतो: 'घरी ब्रीड केलंय, कागदाची गरज नाही.' कागदाची गरज असते.

कायदा थोडक्यात असा आहे. आपल्या देशातले वन्य प्राणी-पक्षी घरात पाळता येत नाहीत, मग तो पिंजऱ्यातला हिरवा राघू का असेना. तारा कासवही नाही. आपल्या कितीतरी अंगणांत राघूचे पिंजरे आहेत आणि 'मिठू मिठू' करायला शिकवणाऱ्या आजीला आपण कायदा मोडतोय हे माहीतही नसतं. परदेशी प्राण्यांसाठी वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. ज्या प्राण्यांच्या जागतिक व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, त्यांची यादी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. त्यातला प्राणी घरी असेल तर नोंदणी करावी लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले आणि आधीपासून ज्यांच्याकडे असे प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. प्राणी मेला, त्याला पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. आणि यादीत नाव नाही म्हणजे बॅगेत घालून आणा असंही नाही. परदेशातून जिवंत प्राणी आणायला केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो, वर पशुरोगांची तपासणी.

नियम चांगले आहेत. पण ते विमानतळावर उभे आहेत आणि बाजार व्हॉट्सअॅपवर भरलाय. बॅग पकडली की बातमी होते, बॅग मागवणाऱ्याचं नाव क्वचितच पुढे येतं. पकडलेल्या प्राण्यांना बरेचदा आल्या देशी परत पाठवतात, म्हणजे त्या बिचाऱ्यांना पुन्हा तोच विमानप्रवास. मला वाटतं, शाळांमधून, कॉलेजांच्या एन.एस.एस. शिबिरांतून, आमच्यासारख्या बचत गटांच्या बैठकांतून हे सांगायला हवं. वनखात्याची माणसं वणवा आणि बिबट्या यावर बोलायला गावात येतात, तेव्हा मोबाइलवरच्या प्राणीबाजारावरही पाच मिनिटं बोलली तर बरं होईल.

दुसरा धोका मला दिसतो तो 'घरबसल्या उद्योगा'चा. एमू पालन आठवतंय का? शेतकऱ्यांना सांगितलं होतं, जोडी घ्या, अंडी आम्ही विकत घेऊ, तेलाला परदेशात सोन्याचा भाव आहे. २०१२ मध्ये तमिळनाडूत त्या योजनांचा फुगा फुटला, आपल्याकडच्याही शेडच्या शेड ओस पडल्या. कुणी तारण ठेवून पैसे घातले होते, कुणी बायकोचे दागिने मोडून. पक्ष्यांना खायला घालायची ऐपत उरली नाही तेव्हा लोकांनी ते मोकळे सोडून दिले. आता परदेशी पाली, पोपट, इग्वाना यांची जोडी घ्या आणि पिल्लं विका, असं कुणी बचत गटाला सांगायला आलं तर विचारा: पिल्लं घेणार कोण, लेखी देता का, आणि नोंदणीचा कागद कुठे आहे? तुरेवाल्या पालीचं एक पिल्लू विकण्याजोगं व्हायला अंड्यातून बाहेर यायचेच दोन-तीन-चार महिने, मग वाढवायचे आणखी काही. दर पिल्लाला वेगळा डबा, कारण एकत्र ठेवली तर एकमेकांच्या शेपट्या तोडतात. हे सगळं करणार परत घरातली बाईच.

मी काही प्राणी पाळण्याच्या विरोधात नाही. आमच्या ओसरीवर दोन मांजरं आहेत, त्यांचं मीच करते आणि आनंदाने करते. भाचीलाही त्या बिनशेपटीच्या पालीचा आता लळा लागलाय. रात्री सगळे झोपले की ती फवारा घेऊन जाते, पाल काचेवर चिकटून पाणी चाटत असते, 'दिवसातली ती पाच मिनिटं मला कुणी हाक मारत नाही,' असं ती म्हणाली. पण त्या पालीची जबाबदारी तिने घेतली नव्हती, ती तिच्यावर येऊन पडली, आणि तिला ती झेपली. सगळ्यांनाच झेपेल असं नाही.

बचत गटातल्या त्या ताईंना मी चार प्रश्न लिहून दिले, मुलाला विचारायला. ती किती वर्षं जगते? मे महिन्यात आपल्या घरी तिला थंड कसं ठेवणार? कागद कोण देणार? आणि तू नोकरीला बंगलोरला गेलास की ती कुठे राहणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं त्याने दोन दिवसांत मोबाइलवर शोधून पाठवली. हुशार मुलगा आहे. चौथ्यावर त्याने लिहिलं, 'तेव्हा तू आहेसच की.' ताईंनी तो मेसेज मला दाखवला आणि म्हणाल्या, 'नाही म्हणून सांगितलं मी त्याला. पहिल्यांदाच सांगितलं.'

तुमच्या गावात कुणाकडे असा अनोळखी प्राणी दिसला, पेटीतून निसटलेला सापडला, किंवा कुणाला तो ठेवणं जमेनासं झालं असेल, तर त्याला तलावात किंवा रानात सोडू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.